एका कवेलूची जागा

अल्काबाई बोरकरच्या अंगणात, हातपंपाचं सांडपाणी जिथून वाहतं तिथे, चिखलाचा एक वाफा आहे. कडेनं छपराची जुनी मातीची कवेलू उभी रोवून आखलेला. नवखा माणूस म्हणेल, बाई कोथिंबीर लावत असेल. गावातला माणूस मात्र जुलै लागला की या घरावरून जाताना आधी वाफ्यात डोकावतो आणि मग आपली चाल ठरवतो. जागा असेल तर निवांत. भरत आला असेल तर धोतर सावरत घरी पळायचं आणि पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, मूठ घेऊन परत यायचं.

अल्का धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या टोळीची म्होरकी. आमगावाकडून दरेकस्याच्या डोंगरांकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, आणि पावसाळ्यात इथे धानाशिवाय दुसरा विषय नसतो. ज्याला तिच्या टोळीकडून रोवणा करून घ्यायचा, त्यानं एका दिवसाच्या कामामागे एक मूठ पऱ्हे आणून तिच्या हातात द्यायचे. ती मूठ तिनं वाफ्यात खोचली की जबान दिली. त्या शेतकऱ्याचा दिवस आला की तीच मूठ उपटून न्यायची, त्याच्या बांधीत, त्या बांध घातलेल्या खाचरात, आधी ती रोवायची आणि मग बाकीच्या बायांनी ओळ धरायची. वाफा भरला की भरला. त्यानंतर आमदार जरी आला तरी त्याला चहा मिळेल, तारीख मिळणार नाही.

वाफा मूळचा सासूचा, मंदाबाईचा. पऱ्हे रोवण्याजोगे झाले की काही दिवसच तसे राहतात. पुढे ते जून होतात, फुटवे धरत नाहीत, आणि मग वर्षभर घरात तांदूळ कमी आणि भांडणं जास्त. तेवढ्या दिवसांत टोळीच्या हातून होईल तेवढंच काम वाफ्यात मावावं, असा मंदाबाईनं तो आखला होता. त्यातही एका कोपऱ्यात ती जागा मोकळी सोडायची, कारण बायांना ताप येतो, घरी पाहुणे येतात आणि ट्रॅक्टर नेमका आपल्याच दिवशी रुततो. मंदाबाईला लिहिता-वाचता येत नाही, पण तिच्या तारखेवर लोकांनी साखरपुडे पुढे ढकलले आहेत.

मंदाबाईचे गुडघे गेले तेव्हा टोळी सुनेकडे आली. अल्का चिचगडची लेक, हसरी, तोंडाची चुरचुरीत. ही पोरगी काय टोळी हाकेल, असं बोलणारे तेव्हा पुष्कळ होते. आज तेच लोक, आम्ही तेव्हाच म्हटलं होतं, असं सांगतात. हो म्हणायला ती कधी भ्याली नाही. कृषी विभागाचे लोक दोरी धरून ओळीत रोवायचं शिकवायला आले, तेव्हा इतर टोळ्या तोंडावर पदर घेऊन हसल्या. अल्का सगळ्यात पुढे जाऊन दोरीचं टोक धरून उभी राहिली. बचत गटाचं अध्यक्षपद आलं, तेही घेतलं. वर्षभरात तिच्या ध्यानात आलं की बैठकीत बसलं तर मन बांधीत असतं आणि बांधीत वाकलं तर मन बैठकीत. तिनं ते पद हसत हसत दुसरीच्या ओटीत टाकलं. नवरा देवानंद गोंदियात गवंडीकाम करतो. त्याला याचं वाईट वाटलं, हिला नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. वाफा भरत आला होता. तो मोकळा कोपरा सोडला तर एका मुठीची जागा उरली होती, आणि त्या जागेत यादोराव पटल्याची मूठ सकाळीच बसली. यादोराव म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर दोन बांध्या असलेला म्हातारा. उतारावर पाणी थांबत नाही, म्हणून त्याचा रोवणा नेहमी शेवटी, चांगलं पाणी साचेल तेव्हा. आणि साचलं की लगेच.

यादोरावाची पाठ वळते न वळते तोच दारात गाडी थांबली. गोंदियाचा इंद्रकुमार शेठ उतरला. राइस मिलवाला. रस्त्याच्या कडेची मोठी जमीन त्यानं नुकतीच घेतली होती. मागच्या टेम्पोतून ड्रायव्हरनं टोपलं उतरवलं. मूठ नव्हे, टोपलं. मुठीच मुठी.

"अल्काबाई, पूरा काम तुम लो," शेठ म्हणाला. "गाडी मेरी, आना-जाना मेरा, चाय-नाश्ता मेरा. और सुनो, बोअर मारा है. उन्हाळी धान भी तुम्हाराच. हर साल."

अंगणात टोळीतल्या चार-पाच बाया बसल्या होत्या. त्यांत रचना होती, सगळ्यात तरणी, हाताला सगळ्यात चपळ. हर साल हा शब्द ऐकताच तिचे डोळे चमकले. चमकणारच. रोवणा सरला की दिवाळीनंतरच्या कापणीपर्यंत बाया घरी बसतात. उन्हाळा तर कोरडाच. कोणी हैदराबादला बांधकामावर जाते, कोणी गोंदियाच्या दुकानात उभी राहते, आणि दर वर्षी टोळीतली एखादी परत येत नाही. शिवाय रोवणीची मशीनही तालुक्यात आली होती. टोळी टिकवायची तर असंच बारमाही काम हवं, हे अल्कालाही कळत होतं. तिच्या जिवाला लागून राहिलेली गोष्ट तीच होती: आपल्या हाती आलेली सासूची टोळी आपल्याच हातून फुटू नये.

"वहिनी, घे ना," रचना म्हणाली. "काऊन इचार करून राहिलीस? देव दारात आला तं त्याले तारीख देतेस का?"

अल्कानं घेतलं. शेठ खूश होऊन गेला. दुपारी तिनं कुदळ घेतली, एका बाजूची कवेलू उपटली, हातभर पुढे नेऊन रोवली आणि वाफा मोठा केला. टोपल्यातल्या मुठी एकामागून एक खोचल्या. छपरीत बसलेल्या मंदाबाईनं सगळं पाहिलं. सून काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून थांबली होती.

"कवेलू फोडू नोको," मंदाबाई एवढंच म्हणाली. "जुने हायेत."

वाफा मोठा झाला, पण दिवस काही मोठे झाले नाहीत. शेठचं काम मध्ये बसवायचं तर बाकीच्यांना थोडं थोडं मागे सरकवावं लागणार होतं. संध्याकाळी अल्का घरोघरी निघाली. चार दिवस उशिरा येऊ, एवढंच सांगायचं होतं. तिला वाटलं, लोक भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणात तिचा हात धरणारी बाई त्या पंचक्रोशीत नाही. पण कोणी भांडलंच नाही. जो तो म्हणाला, तू म्हणतेस तं तसं. एकानं तर चहा पाजला.

शेवटी यादोरावाचं घर. म्हातारा खाटेवर बसून सुतळी वळत होता.

"काकाजी, तुमचा दिवस चार-पाच रोज मागं नेला तं चालंल का?"

"चालंल," यादोराव म्हणाला. सुतळीवरची नजरही त्यानं काढली नाही.

त्याची बायको कलाबाई आतून हात पुसत बाहेर आली. ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. "चालंल म्हणते! आपल्या बांधीत पानी चार रोज थांबते का? कोरड्यात रोवतील का पऱ्हे? कायले हो म्हणून राहिले तुमी?"

"चूप वं," यादोराव म्हणाला. "तिच्या सासूनं कवा मांगलं नाही, हिनंही कवा मांगलं नाही. आज पयल्यांदा मांगून राहिली. पोरीले नाही म्हणू का?"

अल्का दारातच उभी राहिली. म्हातारा तिच्या शब्दासाठी आपलं वर्षाचं धान सोडायला निघाला होता, तेही सुतळी वळता वळता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली आणि मग म्हणाली, "राहू द्या काकाजी. तुमचा दिवस तोच. मी येतो."

परतताना दारोदारी तुमचाही दिवस तोच असं सांगत ती घरी आली आणि तिनं शेठच्या मुठी उपटल्या. सगळ्या नाही. मंदाबाईच्या त्या मोकळ्या कोपऱ्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग शेठला फोन लावला.

"शेठजी, रस्त्याच्या कडेची एक बांधी घेतो. सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी. बाकीसाठी दुसरी टोळी पाहा. टोपलं घेऊन जायले माणूस पाठवा."

"अरे बाई, पूरा या कुछ नहीं."

"मंग काहीच नाही," अल्का म्हणाली. फोन ठेवून तिनं उरलेल्या मुठीही उपटल्या. पूरं गेलं, उन्हाळी धान गेलं, हर साल गेलं. तिनं कवेलू परत जुन्या जागी आणली. एक फुटलं होतंच. मंदाबाईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

रचनाला दुसऱ्या सकाळी कळलं. ती काही वाईट पोरगी नाही, हे इथेच सांगितलेलं बरं. तिची दोन लेकरं, नवऱ्याचा पाय अधू. ती अंगणात उभी राहून बोलली, ओरडली नाही.

"तुया वाफ्यात माहं पोट नाही मावत, वहिनी."

रचना निघाली आणि तिच्यामागे जवळजवळ अर्धी टोळी निघाली. शेठला आमगावाकडची एक टोळी मिळाली होती. त्यांना हात हवेच होते. शेठचा टेम्पो रोज सकाळी गावातून बायांना घेऊन जाऊ लागला, आणि अल्काच्या उरलेल्या बाया डोक्यावर बांबू-पानांची खुमरी घेऊन पायी बांधीकडे. टेम्पोतून गाणी ऐकू यायची. अल्का त्याहून मोठ्यानं गायची. सूर गेला खड्ड्यात.

पण अर्ध्या हातांनी पूर्ण काम होत नाही, हे गाण्यानं लपत नाही. एक बांधी संध्याकाळी उरायची, ती दुसऱ्या दिवसावर जायची. मंदाबाईच्या मोकळ्या कोपऱ्यानं काही दिवस वाचवलं, मग तोही खाऊन झाला. वाफ्यातल्या मुठी एकेक करून कमी होत होत्या, पण जेवढ्या व्हायला हव्या तेवढ्या नाही. बाया कुरकुरल्या नाहीत. कमरेला पट्टे बांधून वाकल्या. अल्का सगळ्यांच्या आधी चिखलात आणि सगळ्यांच्या शेवटी बाहेर. ज्याला ज्या दिवशी सांगितलं होतं, त्याच्या बांधीत त्या दिवशी पहिली मूठ पडली, ही एक गोष्ट तिनं सोडली नाही.

यादोरावाच्या दिवशी वरून धो धो पडून गेलं होतं. उतारावरच्या दोन्ही बांध्या काठोकाठ भरल्या होत्या, आणि खालच्या धुऱ्यातून, मातीच्या बांधातून, पाणी झिरपून जात होतं. उद्या निम्मं राहिलं असतं, परवा चिखल वाळला असता. दोन्ही बांध्या त्याच दिवशी रोवून होणं भाग होतं, आणि अल्काच्या बायांनी त्या दिवसात एकच झाली असती. तिला ते पक्कं माहीत होतं. तरी ती मूठ हातात घेऊन निघाली. निघताना मंदाबाईला म्हणाली, "आत्या, आज मी खोटी पडतो."

मंदाबाईनं खुंटीवरची खुमरी काढून तिच्या हातात दिली.

धुऱ्यावर पोहोचली तर कलाबाई आधीच उभी. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिच्या मागे आणखी बाया, ज्यांच्या बांध्या अल्कानं गेल्या पंधरवड्यात रोवून दिल्या होत्या त्या सगळ्या घरांतल्या. सगळ्या पवार जातीच्या, शेतांच्या मालकिणी. स्वतःच्या बांधीत यांच्यातल्या काही जणी उतरत असत, पण दुसऱ्याच्या बांधीत रोवायला उतरणं त्यांच्या सासवांनी केलं नव्हतं, आज्यांनीही नव्हतं. धुऱ्यावर उभ्या राहून एकमेकींकडे पाहत होत्या, नव्या नवऱ्या मांडवात उभ्या राहाव्या तशा.

"अशी काऊन पाहून राहिलीस?" कलाबाई म्हणाली. "मूठ टाक पयले. मंग आमाले सांग कुठं उभं राहाचं."

अल्कानं चिखलात उतरून वाफ्यातली मूठ रोवली, दोरी ताणली आणि बायांना ओळीत उभं केलं. एक आपली, एक मालकीण, एक आपली, एक मालकीण. पहिली ओळ अशी वाकडी आली की आपल्या बायांनी तोंड फिरवून हसू दाबलं. अल्कानं दाबलं नाही.

"ओ काकी, दोरी हाये ते वाळत घालाले नाही बांधली! पाय मागं, हात पुढं!"

कलाबाईला आयुष्यात असं कोणी बोललं नसेल. ती कंबरेवर हात ठेवून ताठ झाली. मग ती स्वतःच फिसकन हसली, आणि सगळ्या बाया हसल्या, आणि त्यानंतर हात चालू लागले.

दुपारी धुऱ्यावर डबे उघडले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. मंदाबाईच्या तरुणपणी याच उतारावर जेवणाची सुट्टी झाली की मालकीण उभ्यानं, वरून, पानावर भाजी टाकायची. हात लागू नये म्हणून. मंदाबाईनं ती भाजी किती वेळा खाल्ली आणि किती वेळा धुऱ्यापलीकडे फेकली, ते तिनं कोणाला सांगितलेलं नाही. कलाबाई आली आणि अल्काजवळ चिखलातच बसली. तिच्या स्वतःच्या डब्यात भात होता, पण तिनं न विचारता अल्काच्या डब्यात हात घातला, सुकटीची चटणी उचलली, खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा घेतली.

"लय तिखट करतेस वं."

"आमच्याकडे असंच राहते काकी."

दिवस मावळायच्या आत दुसऱ्या बांधीचा शेवटचा कोपरा हिरवा झाला. रोवणा सरला की मालकाला चिखल फासायची पद्धत आहे. यादोराव खालच्या धुऱ्यानं सटकत होता, त्याला त्याच्याच बायकोनं पकडून आणलं. म्हातारा चिखलानं माखून उभा राहिला आणि लहान पोरासारखा ओरडत होता. अल्का हसत होती आणि रडतही होती, आणि तोंडावर चिखल असल्यानं कोणाला काही कळलं नाही. एवढा अभिमान तिला लग्नातही वाटला नव्हता.

घरी आली तेव्हा मंदाबाई बुद्धाच्या तसबिरीखाली बसून होती. सुनेनं एका दमात सगळं सांगितलं. पाणी, दोरी, वाकडी ओळ, यादोराव. मंदाबाईनं एकच गोष्ट विचारली.

"कलाबाई कोनाच्या डब्यातलं जेवली?"

"माया."

"तुया डब्यातलं? हातानं?"

"हातानं. दोनदा घेतलं."

मंदाबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, चहा ठेव.

शेठचा रोवणाही झाला. चांगला झाला, उगाच का खोटं बोला. फक्त टोळी कधी येणार हे त्याला रोज फोन करून विचारावं लागलं आणि रोज उद्या असं उत्तर मिळालं. रचनाच्या घरावर नवी पत्र्याची छपरी आली. ती अल्काला टाळायची. समोरासमोर आली तर जय भीम म्हणून झपझप पुढे.

यंदा जुलैत ती आली. अंगणात उभी राहिली, आणि एकटी नव्हती. तिच्या माहेरच्या बाया, नणंदा, आमगावाकडच्या दोघी-तिघी, आणि मागच्या वर्षी गेलेल्या सगळ्या. चांगली भरलेली टोळी.

"वहिनी, शेठनं यंदा मले फोन केला. म्हणे तूच घे," रचना म्हणाली. "मी म्हटलं, तारीख मी देत नाही. तारीख वाफा देते." मग नजर खाली करून, "दोन टोळ्या करू. एक तू पाह, एक मी पाहतो. पण वाफा एकच."

तेवढ्यात शेठचा टेम्पो आलाच. ड्रायव्हरनं टोपलं उतरवलं, मागच्यासारखंच भरलेलं.

अल्कानं कुदळ घेतली. मग थांबली आणि छपरीकडे पाहिलं. "आत्या, किती सरकवू?"

मंदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. अंगणात बसलेल्या बायांमधून काठी टेकत हळूहळू फिरली. एकीचे हात उलटसुलट करून पाहिले, एकीला विचारलं तान्हं कोणाकडे ठेवतेस, एकीला म्हणाली, तुले खोकला हाये, तू ओळ धरू नोको. सगळ्या बाया परीक्षेला आल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. मग ती वाफ्याजवळ आली, वाकता येत नव्हतं म्हणून काठीच्या टोकानं चिखलात रेघ मारली.

"एक कवेलू," ती म्हणाली. "ज्यास्ती नाही."

अल्कानं एका कवेलूच्या रुंदीएवढा वाफा वाढवला. फुटलेलं कवेलू होतं, तेच कडेला लावलं. यादोरावाची मूठ आधीच बसली होती, तिच्या बाजूला शेठच्या मुठी खोचत गेली. कोपरा मोकळा ठेवला. टोपलं अर्धंही रिकामं झालं नव्हतं तेव्हा वाफा भरला. तिनं टोपलं उचलून ड्रायव्हरच्या हातात परत दिलं.

"शेठ क्या बोलेंगे, बाई?" तो घाबरला.

"बोलू दे. त्यायले सांग, एवढं घेतलं," अल्का हात धुता धुता म्हणाली. "आन घेतलं म्हंजे झालं समजा."